एनफिल्डची शेकर वस्ती : मनाई केलेलं प्रेम आणि त्यातून उगवलेला सूड

कोयनाकाठ

गेल्या रविवारी एनफिल्डला जाऊन आलो. अमेरिकेत न्यू हॅम्पशायरला राहायला येऊन सहा वर्षं झाली. मॅस्कोमा तळ्याच्या काठाने कितीदा तरी जाणं-येणं झालं, पण रस्त्यालगतची ती राखाडी, सहा मजली दगडी इमारत कसली आहे हे कधी थांबून पाहिलं नव्हतं. ती शेकर पंथाची 'ग्रेट स्टोन ड्वेलिंग'. 1837 ते 1841 या काळात ग्रॅनाइटच्या चिऱ्यांनी बांधलेली. तिथून आल्यापासून आठवडाभर मिळेल ते वाचते आहे. डोक्यातून विषय जात नाही म्हणून हा धागा.

ज्यांना शेकर माहीत नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात. अ‍ॅन ली ही या ख्रिस्ती पंथाची संस्थापक. इंग्लंडमधल्या मँचेस्टरच्या लोहाराची मुलगी, जन्म 1736 चा. लिहिता-वाचता येत नव्हतं. लग्न झालं, चार मुलं झाली आणि चारही लहानपणीच गेली. 1770 च्या सुमाराला तुरुंगात असताना तिला दृष्टान्त झाला की माणसाच्या सगळ्या पापाचं मूळ स्त्री-पुरुष संबंधात आहे. 1774 मध्ये आठ अनुयायांना घेऊन ती न्यूयॉर्कला उतरली. नवरा बरोबर होता, तो पुढे तिला सोडून गेला. 1784 मध्ये ती वारली. तिच्यामागे जोसेफ मीचम आणि लुसी राइट यांनी पंथाला शिस्तीची चौकट दिली आणि मेनपासून केंटकीपर्यंत वस्त्या उभ्या राहिल्या. भरभराटीच्या काळात, म्हणजे 1840 च्या आसपास, चार-पाच हजार माणसं या वस्त्यांत राहत होती.

लग्न नाही, खाजगी मालमत्ता नाही. सगळे एकमेकांचे ब्रदर आणि सिस्टर. नवरा-बायको जोडीने पंथात आले तरी त्या दिवसापासून तेही भाऊ-बहीण. तीस-चाळीस ते शंभर माणसांचा गट एका छताखाली राहायचा आणि त्याला ते 'फॅमिली' म्हणायचे. दारं दोन, जिने दोन, जेवणघरात पुरुषांची टेबलं वेगळी, बायकांची वेगळी. केंटकीच्या प्लेझंट हिलमधले जोडीने वर चढत जाणारे दोन गोल जिने पाहायला आज लोक लांबून येतात. सुंदरच आहेत ते. पण एका जिन्यावरच्या माणसाचा दुसऱ्या जिन्यावरच्या माणसाला हात लागू नये ही त्या घरांची मूळ कल्पना.

मला प्रश्न पडला तो साधा. एकाच घरात तरुण मुलं-मुली वर्षानुवर्षं राहत होती. ती प्रेमात पडलीच नाहीत का? आणि पडली तर पुढे काय झालं? जे सापडलं ते अपेक्षेपेक्षा वेगळं होतं. तुमच्यापैकी कोणी वाचलं असेल तर जरूर लिहा.

अबोली

छान विषय. वाचतेय. एक शंका. लग्न नाही, मुलं नाहीत, मग पंथ इतकी वर्षं टिकला कसा?

कोयनाकाठ

@अबोली, बाहेरून येणाऱ्या माणसांवर. अनाथ मुलं, विधवा, कर्जात बुडालेली कुटुंबं. अनेक आईबाप मुलं करार करून त्यांच्या हवाली करत. एकवीस वर्षांचं झालं की त्या मुलाने ठरवायचं, कायमचं राहायचं की बाहेर पडायचं. बरेच बाहेर पडत. 'विंटर शेकर' असा शब्दच होता. थंडी सुरू झाली की पंथात यायचं, पोटभर जेवायचं, उबेला राहायचं आणि वसंत आला की निघून जायचं. मात्र कोणालाही दारातून परत पाठवत नसत. हे त्यांच्या बाजूने सांगायलाच हवं.

जुनी_वही

या विषयावर मी काही वर्षांपूर्वी बरंच वाचलं होतं, म्हणून थोडी भर घालते.

त्यांचे नियम 1821 मध्ये लेखी झाले आणि 1845 मध्ये अधिक कडक करून पुन्हा लिहिले गेले. जिन्यात ब्रदर आणि सिस्टर यांनी एकमेकांना ओलांडून जायचं नाही. हस्तांदोलन नाही. एकमेकांना भेटवस्तू नाही. कामापुरतं बोलणं सोडून दोघांनीच एका खोलीत थांबायचं नाही. आणि एक नियम वाचून मी थबकले होते. ब्रदरच्या अंगात सदरा असताना सिस्टरने त्याचं बटण लावून द्यायचं नाही किंवा उसवलेलं शिवायचं नाही.

नियम करायची वेळ आली, याचा अर्थ कोणीतरी तसं बटण शिवलं होतं.

हा नियम का लागला ते कळायला एक गोष्ट माहीत हवी. प्रत्येक ब्रदरच्या कपड्यांची काळजी एका ठरलेल्या सिस्टरकडे असे. धुणं, इस्त्री, रफू, नवं शिवणं. म्हणजे वर्षानुवर्षं एकाच माणसाची कॉलर, त्याच्या घामाचा वास, कोपरावर कुठे झिजतं, हे सगळं तिला ठाऊक. बोलायचं मात्र नाही. मला तर वाटतं, पंथाने ज्याला बंदी घातली ते त्यांनी स्वतःच सुईदोऱ्यात ओवून दिलं होतं.

दुसरी गोष्ट 'युनियन मीटिंग'ची. 1793 पासून ही पद्धत आली. आठवड्यातून काही संध्याकाळी चार-सहा ब्रदर आणि तितक्याच सिस्टर समोरासमोर खुर्च्यांवर बसायच्या. मध्ये चार-पाच फुटांचं अंतर, मांडीवर पांढरा रुमाल. तासभर गप्पा. पीकपाणी, प्रवास, गाणी, एवढंच बोलायचं. कोण कोणासमोर बसणार हे एल्डर, म्हणजे फॅमिलीचे प्रमुख, ठरवत. लोकांच्या मनातली ओढ मीचम यांना कळत होती, तिला थोडी वाट करून दिली तर ती चोरवाटा शोधणार नाही असा त्यांचा हिशेब होता.

आणि गुलाब! गुलाबपाण्यासाठी शेकर बायका शेतभर गुलाब लावत. पण फूल खुडायचं ते देठाशिवाय, म्हणजे कोणाला ते केसांत किंवा कपड्यावर खोवायचा मोहच होऊ नये.

अबोली

@जुनी_वही, देठाशिवाय गुलाब हे वाचून पोटात काहीतरी हललं. आमच्याकडे आजी देवाच्या फुलांचा वास घेऊ द्यायची नाही. तेव्हा राग यायचा. पण ती फुलं निदान देवापर्यंत पोचायची.

सह्यकडा

मी जरा वेगळं बोलतो. हा पंथ म्हणजे नुसता तुरुंग होता अशी प्रतिमा होऊ नये.

1800 च्या आसपासची शेतकरी बाई डोळ्यांसमोर आणा. दर दीड-दोन वर्षांनी बाळंतपण, त्यातली कितीतरी मुलं डोळ्यांदेखत जाणार, नवरा दारू पिऊन मारणार, जमीन त्याच्या नावावर, तिच्या हातच्या कमाईवरही त्याचाच हक्क. तिला शेकर वस्तीत काय मिळत होतं? स्वच्छ घर, वेळेवर जेवण, म्हातारपणी आधार आणि पुरुषाच्या बरोबरीचा कारभार. प्रत्येक फॅमिलीला एल्डरसोबत एल्ड्रेस असे. लुसी राइट 1796 पासून मरेपर्यंत, म्हणजे 1821 पर्यंत, अख्ख्या पंथाची प्रमुख होती. त्या काळात अमेरिकेत जवळजवळ कुठेच बाईला मत देता येत नव्हतं.

अ‍ॅन लीची चार मुलं गेली होती. तिने जे सांगितलं त्यामागे ते दुःख होतं. ज्या बाईला पुन्हा गर्भार राहायचं नाही, तिच्या दृष्टीने ब्रह्मचर्य ही सुटका होती.

कोयनाकाठ

@सह्यकडा, मान्य. अगदी मनापासून मान्य. म्हणूनच पुढचं लिहिताना हात जड होतो.

मी आधी पळून गेलेल्या जोडप्यांच्या गोष्टी शोधत होते. त्या भरपूर आहेत. वस्त्यांच्या रोजनिशीत अशा नोंदी सापडतात की अमका आणि अमकी 'जगात' गेले. पंथाबाहेरच्या सगळ्याला ते 'जग' म्हणत. पहाटे दोन बिछाने रिकामे दिसायचे, चार-सहा मैलांवर गावात लग्न लागायचं. क्वचित कोणी पश्चात्ताप करून परत येई आणि त्याला परत घेतलंही जाई. या जोडप्यांनी सूड घेतल्याचं मला कुठे दिसलं नाही. त्यांना एकमेकं मिळाली होती.

सूड घेतला तो वेगळ्याच माणसांनी. ज्यांचं प्रेम पंथाने मनाई केलं होतं, पण ज्यांना पळून जाण्यासारखं काही हातात नव्हतं, त्यांनी. आयांनी.

मेरी मार्शल डायर. ही आपल्या नवऱ्यासोबत, जोसेफसोबत, 1813 मध्ये एनफिल्डच्या शेकरांकडे आली. पाच मुलं होती. दोन वर्षांत तिला कळून चुकलं की हे आपल्याच्याने होणार नाही. 1815 च्या सुरुवातीला ती बाहेर पडली. मुलं नवऱ्याच्या ताब्यात, म्हणजे पंथाच्या ताब्यात राहिली. तिला ती परत मिळाली नाहीत.

पंथाच्या भाषेत आईचं पोरावरचं प्रेम हीसुद्धा रक्तामांसाची ओढच होती. मुलं फॅमिलीची. आईने आपल्या पोराला इतर पोरांपेक्षा जास्त जवळ घ्यायचं नाही. हे वाचलं तेव्हा मला ते दोन जिने वेगळेच दिसायला लागले.

हायकोर्टवाली

कायद्याची बाजू सांगते, कारण तिच्याशिवाय मेरीचा राग कळणार नाही.

त्या काळच्या इंग्रजी-अमेरिकी कायद्यात लग्न झालेल्या बाईला वेगळं अस्तित्वच नव्हतं. मुलांवर हक्क बापाचा. बापाने मुलं पंथाला सोपवली तर आई कोर्टात जाऊन फारसं काही करू शकत नव्हती. शिवाय घटस्फोट दुर्मीळ. नवरा ब्रह्मचारी झाला म्हणून बायको विवाहित राहिली, पण तिला ना घर, ना नवरा, ना मुलं, ना दुसरं लग्न.

पंथ सोडणाऱ्या माणसाचीही अशीच कोंडी. आत येताना करारावर सही केलेली असायची की केलेल्या कामाची मजुरी कधी मागणार नाही. मेन राज्यात 1826 मध्ये वेट विरुद्ध मेरिल या खटल्यात कोर्टाने तो करार उचलून धरला. वीस वर्षं राबून बाहेर पडलेल्या माणसाला पंथ स्वखुशीने जे देईल तेवढंच.

न्यूयॉर्कची युनिस चॅपमन हे दुसरं उदाहरण. तिचा नवरा जेम्स वॉटरव्हलिएटच्या शेकरांत गेला आणि 1814 मध्ये तिच्या गैरहजेरीत तिन्ही मुलं घेऊन गेला. ती बाई तीन वर्षं अल्बनीच्या विधिमंडळाच्या पायऱ्या झिजवत राहिली. स्वतः पुस्तिका छापून विकली. 1818 मध्ये विधिमंडळाने फक्त तिच्यासाठी कायदा केला, घटस्फोट आणि मुलांचा ताबा मिळावा म्हणून. कायदे तपासून नाकारू शकणाऱ्या वरच्या मंडळाने तो अडवला होता, तरी विधिमंडळाने तो पुन्हा मंजूर केला.

कोयनाकाठ

@हायकोर्टवाली, आणि इथे दोन गोष्टी एकत्र येतात. युनिसची मुलं तोवर न्यूयॉर्कबाहेर हलवली होती. कुठे? एनफिल्डला! मे 1818 मध्ये युनिस तिथे पोचली, मेरी डायर तिला सामील झाली आणि गावकऱ्यांचा जमाव शेकर वस्तीभोवती जमला. दिवस-रात्र तो वेढा चालला. युनिसला मुलगा मिळाला, मुली नंतर मिळाल्या.

मेरी रिकाम्या हाती परतली. तिच्याकडे कायदा नव्हता.

मग तिने उरलेलं आयुष्य शेकरांविरुद्ध लिहिण्यात घालवलं. गावोगाव भाषणं, इतर माजी सदस्यांची शपथपत्रं गोळा करणं, 1822 मध्ये जाडजूड पुस्तक. नवऱ्यानेही तिच्याविरुद्ध पुस्तक छापलं. ती वाईट आई आहे, तिला पंथात मोठं पद हवं होतं, ते न मिळाल्याने चिडली, असं त्याचं म्हणणं. दोघांचं संसारातलं सगळं छापून बाजारात आलं. मला दोन्ही बाजूंचे काही उतारे वाचवले नाहीत.

रानवाट

पहिल्यांदाच प्रतिसाद देतोय, इतके दिवस नुसता वाचक होतो.

मी ज्या निवासी शाळेत वाढलो (नाव नको) तिथे मुलांचा जिना आणि मुलींचा जिना वेगळा होता. प्रार्थनेला मधे सतरंजीची एक मोकळी पट्टी सोडलेली असायची, ती ओलांडायची नाही. नववीत असताना एका मुलीने माझ्या वहीत गणित सोडवून दिलं, खाली तिची सही. बस्स. वही मुख्याध्यापकांपर्यंत गेली. तिला त्याच आठवड्यात घरी पाठवलं. मला ठेवलं, कारण मी मुलगा होतो आणि मला घर नव्हतं.

वही कोणी पोचवली हे मला माहीत होतं. माझ्याच खोलीतला मुलगा. पुढची दोन वर्षं मी त्याला जेवढा त्रास देता येईल तेवढा दिला. आज त्याची मला शरम वाटते. तोही अनाथ होता, त्यालाही सरांची एक शाबासकी हवी होती.

जुनी_वही ताई, शेकरांत चुगली करणारे होते का?

जुनी_वही

@रानवाट, हे लिहिलंत त्याबद्दल आभार. सोपं नव्हतं ते.

होते. आणि ती व्यवस्थाच होती. प्रत्येकाने एल्डरपुढे आपल्या चुकांचा कबुलीजबाब द्यायचा, आणि दुसऱ्याची चूक माहीत असून लपवली तर तीही चूकच.

1837 नंतर यात फार विचित्र भर पडली. वॉटरव्हलिएटच्या काही लहान मुलींच्या अंगात यायला लागलं. त्या गरगर फिरायच्या, बेशुद्ध पडायच्या, स्वर्गातल्या अ‍ॅन लीचे निरोप सांगायच्या. हे लोण सगळ्या वस्त्यांत पसरलं आणि दहा-बारा वर्षं चाललं. त्यातून अप्रतिम गाणी आणि चित्रं आली, हे खरंच. पण अंगात आलेल्या माणसाच्या तोंडून इतरांची गुपितंही बाहेर यायची. अमक्याच्या मनात पाप आहे, अमकी दोन मनांची आहे. आत्म्याने सांगितलं म्हटल्यावर उत्तर कोणाला देणार? ज्याच्यावर बोट आलं त्याची काय अवस्था झाली असेल, आणि बोट रोखणाऱ्याच्या मनात जुना हिशेब नव्हताच कशावरून, हे मला नेहमी छळतं. 1845 चे कडक नियमही याच वातावरणात लिहिले गेले.

दूरदेशी

ओहायोमध्ये राहतो म्हणून एक भर. इथल्या युनियन व्हिलेज या शेकर वस्तीवर 27 ऑगस्ट 1810 रोजी सुमारे पाचशे हत्यारबंद माणसं चालून गेली होती. मूळ भांडण पुन्हा तेच. कर्नल जेम्स स्मिथ नावाच्या म्हाताऱ्याचा मुलगा पंथात गेला आणि नातवंडं सोबत नेली. आजोबांनी आधी पंथाविरुद्ध छापून आणलं, मग जमाव आला. शेकर हात उचलत नसत. त्यांनी दारं उघडून आत येऊन पाहा म्हटलं. मुलं चांगली जेवत-खात आहेत, बाहेर यायला तयार नाहीत, हे बघून जमाव पांगला.

अबोली

मेरीच्या मुलांचं पुढे काय झालं? ती आईकडे आली का?

कोयनाकाठ

@अबोली, हा प्रश्न कोणीतरी विचारणार हे माहीत होतं. मी तो टाळत होते.

बहुतेक पंथातच वाढली. एक मुलगा, ऑरव्हिल, पुढे एल्डर झाला. पण गोष्ट थोरल्याची आहे. केलेब. पंथात आला तेव्हा बारा वर्षांचा. आई जमाव घेऊन दाराशी उभी होती तेव्हा सतरा वर्षांचा. तो आतच राहिला आणि एनफिल्डचा ट्रस्टी झाला, म्हणजे 'जगा'शी व्यवहार सांभाळणारा माणूस. विलक्षण कर्तबगार. मी सुरुवातीला लिहिलेली ती दगडी इमारत त्याच्याच कारभारात उभी राहिली. तळ्यापलीकडे रेल्वे आली तेव्हा तिथे पोचायला 1849 मध्ये शेकरांनी तळ्यावर पूल बांधला. आजही तिथल्या पुलाला शेकर ब्रिजच म्हणतात. माझी गाडी रोज त्यावरून जाते.

1861 मध्ये यादवी युद्ध सुरू झालं. थॉमस वियर नावाचा गावातला माणूस सैन्यात गेला, जाताना दोन मुली शेकरांकडे ठेवून गेला. परत आल्यावर मुली मागू लागला. पंथाने दिल्या नाहीत, भेटीही मोजक्याच. 18 जुलै 1863 च्या संध्याकाळी त्याने केलेबला रस्त्यात गाठलं, पुन्हा मुलींबद्दल विचारलं आणि पिस्तूल झाडलं. तीन दिवसांनी केलेब गेला. त्याने अनेक व्यवहार तोंडी शब्दावर, डोक्यात ठेवून केले होते. तो गेल्यावर बाहेरच्या कंपनीने पैशांचा दावा लावला, आणि त्या खटल्यातून एनफिल्डची वस्ती पुरती सावरली नाही.

त्या जुलैत मेरी जिवंत होती. ऐंशी ओलांडलेली. एनफिल्डमध्येच.

ज्या दारात उभं राहून तिने 'माझी मुलं द्या' म्हटलं होतं, तेच मागायला पंचेचाळीस वर्षांनी एक बाप आला आणि आता नाही म्हणायची जबाबदारी तिच्या मुलाकडे होती.

सह्यकडा

हे माहीत नव्हतं. शांत बसून राहिलो काही वेळ.

मी वर लिहिलेलं मागे घेत नाही. पण अ‍ॅन लीच्या दुःखातून जे सुरू झालं त्याने मेरीला काय दिलं, हे दोन्ही एकत्र धरणं अवघड जातंय.

रानवाट

त्या दोन मुलींचा विचार येतोय. वडिलांनी कोणासाठी काय केलं हे त्यांना कळलं असेल तेव्हा किती वर्षांच्या असतील.

हायकोर्टवाली

मेरी 1867 मध्ये गेली. तिला घटस्फोट मिळाला होता, 1830 मध्ये. तोही कसा, ते सांगते. तिने इतकी वर्षं लावून धरल्यावर न्यू हॅम्पशायरने घटस्फोटाच्या कारणांत एक नवं कारण घातलं. जोडीदार जर पती-पत्नीचं नातंच अधर्म्य मानणाऱ्या पंथात गेला आणि एकत्र राहायला नकार देऊ लागला, तर घटस्फोट मिळू शकतो. शेकर हे नाव त्यात नाही, पण दुसरं कोण असणार?

@कोयनाकाठ, तुमच्या राज्याच्या घटस्फोट कायद्यात ते कलम अजून आहे. हल्लीच्या शब्दांत मुदत सहा महिन्यांची.

कोयनाकाठ

@हायकोर्टवाली, आत्ताच शोधलं आणि मिळालं. व्यसन, मारहाण, बेपत्ता होणं, या सगळ्यांच्या ओळीत बसलंय ते.

@दूरदेशी आणि इतर, पानगळीच्या दिवसांत या बाजूला येणार असाल तर कळवा. पुलावरून पायी जाऊ, मग दगडी घर दाखवते.